वरून टाकलेलं घ्यायचं नाही

दोस्तांनो, भांडण आमच्या घरातलं आहे. पण ते आज ना उद्या तुमच्याही घरात शिरणार, म्हणून चव्हाट्यावर मांडतो.

गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. वसईच्या होळी भागात जुनी घरं मोडून ज्या इमारती उठल्या, त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. भाड्यानं. माझी सात वर्षांची पोरगी काळा झगा घालून, डोक्यावर टोकदार टोपी चढवून, हातात प्लॅस्टिकची नारिंगी बादली घेऊन सोसायटीतल्या पोरांबरोबर दारोदार निघालेली. बादलीवर भोपळ्याचं दात विचकणारं तोंड. चेटकीण झाली होती ती. शाळेतून चिठ्ठी आली होती, हॅलोविनचा पोशाख पाठवा म्हणून. झगा मीच आणला, होळी बाजारातून, साडेतीनशे रुपये मोजून. बादलीचे वेगळे ऐंशी. हे आधीच कबूल करतो. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, शहाणपण शिकवतोय साला, स्वतः काय दिवे लावले?

माझी आई तेव्हा गावाहून आलेली. सातारा जिल्हा, माण तालुका. ती दारात उभी राहून नातीचं कौतुक बघत होती. समोरच्या बाईनं दार उघडलं. पोरांनी इंग्रजीत आरोळी ठोकली. आणि त्या बाईनं उंबऱ्याच्या आतून, हात जरा उंच धरून, एकेक चॉकलेट एकेका बादलीत वरून सोडलं. टप. टप. टप.

त्या बाईच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगतो. बादलीत टाकायचं तर वरूनच टाकणार. पण माझ्या आईनं ते पाहिलं आणि ती धावली. पोरीच्या हातातली बादली तिनं हिसकावली, चॉकलेटं जिन्यावर सांडली, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर ओरडली, "आरं, ह्येच्यापायी गाव सोडलं व्हय आपुन?"

पोरगी रडायला लागली. बायको मान खाली घालून तिला आत घेऊन गेली. समोरचं दार हळूच लागलं. मी जिन्यावरची चॉकलेटं वेचत बसलो.

आता आईला काय दिसलं ते ऐका. तिच्या लहानपणी घरात येसकराची पाळी असायची. संध्याकाळी तिचा बाप घुंगराची काठी आपटत पुढं, आणि ती पाटी घेऊन मागं. घरोघर अंगणाबाहेर उभं राहायचं. काठीची घुंगरं वाजली की आतून बाई यायची आणि भाकरीचा तुकडा वरून टाकायची. कालवण असलं तर गाडग्यात वरून ओतायची. सणाला जास्त मिळायचं म्हणून पोरं सणाची वाट बघायची. शिळी पोळी, आंबूस वरण. आई सांगते, पाटी भरली की आम्हाला आनंद व्हायचा रं. त्या आनंदाचीच तिला आज लाज वाटते. कायद्यानं महारकी १९५८ साली गेली. माणातल्या वाड्यावस्त्यांतून ती चुलीपर्यंत जायला अजून किती वर्षं लागली, ते माझ्या आईला विचारा.

बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला पहिलं काय सांगितलं? तळ्याच्या पाण्याच्याही आधी सांगितलं, की मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका, आणि दारोदारचे शिळे तुकडे मागणं बंद करा. पोट भरत नसलं तरी बंद करा. आमच्या बापजाद्यांनी उपाशी राहून काठी चुलीत घातली. आणि त्यांची नातवंडं, पोट भरलेली, इंग्रजी शाळेत जाणारी, साडेतीनशेचा झगा घालून पुन्हा दारोदार. कशापायी? तर म्हणे मजा.

मजा कुणाची आहे ती पण बघू. हा सण आला कुठून? आयर्लंडातला जुना सुगीच्या शेवटाचा सण, हिवाळ्याच्या तोंडावरचा, मेलेली माणसं त्या रात्री परत फिरतात अशी समजूत. वर चर्चनं १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस आणून बसवला. इंग्लंडात त्या दिवसांत गोरगरीब श्रीमंतांच्या दारी जायचे, तुमच्या मेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो, आम्हाला खायला द्या म्हणायचे. त्यांना एक छोटी गोड भाकर मिळायची. आत्म्याची भाकर असंच नाव होतं तिचं. म्हणजे तिकडेही येसकर होते, दोस्तांनो. मेलेल्याच्या नावानं मागून खाणारे. आपला बाप गावोगाव मर्तिकाचा सांगावा घेऊन पायपीट करायचा, ग्रहण लागलं की 'दे दान सुटे गिऱ्हाण' ओरडत फिरायचा. त्यांच्या डोक्यावरची पीडा आपल्या पदरात घ्यायचा आणि त्याबद्दल मूठभर दाणे मिळायचे. जगभर हा एकच धंदा आहे. मरणाचं भय श्रीमंताचं, आणि ते निस्तरायचं गरिबानं.

मग १८४० नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात उपाशी आयरिश लोक बोटी भरभरून अमेरिकेत गेले. सलगमचे कोरीव दिवे करायचे ते तिकडे मोठा भोपळा मिळाला म्हणून भोपळ्याचे झाले. १९३० च्या सुमाराला पोरांची ही दारोदारची फेरी तिकडे बोकाळली, महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा थंडावली, आणि युद्ध संपून साखर मोकळी झाली तशी पुन्हा फोफावली. मग गोळ्या-चॉकलेटवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. उपाशी माणसाची भीक पोटभरल्या पोराचा खेळ झाली. हा त्या सणाचा सगळा इतिहास. आपल्याकडे तो शेवटचा तुकडा तेवढा आला, दुकानातल्या पाकिटात बांधलेला.

आता एक भानगड मिटवून टाकतो. हॅलोविनच्या विरुद्ध ओरडणारे दुसरेही आहेत. परदेशी सण, ख्रिस्ती सण, आपली संस्कृती बुडाली, असं बोंबलत फिरतात. त्यांच्या 'नाही'ला आमचा 'नाही' चिकटवू नका. त्यांची संस्कृती आम्ही भोगलेली आहे. मी राहतो त्या भागाचं नावच होळी. होळीचं माहात्म्य ऐकायचंय? कित्येक गावांत गावची होळी पेटवायला विस्तव महारवाड्यातून न्यायचे. एरवी आमची सावली चालत नव्हती, विस्तव चालत होता. आणि दुसऱ्या दिवशी श्वपचाला, म्हणजे कुत्रं शिजवून खाणाऱ्याला, म्हणजे त्यांच्या लेखी आम्हाला, शिवायचं आणि मग आंघोळ करायची, म्हणजे वर्षभर रोगराई होत नाही असं त्यांच्या धर्मशास्त्राच्या पोथ्यांत लिहिलेलं आहे. तीनशे चौसष्ट दिवस विटाळ आणि एक दिवस औषध! अशा संस्कृतीच्या रखवालदारांनी आम्हाला हॅलोविनबद्दल शिकवू नये. आणि वसईचे ख्रिस्ती? ते २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात, गपगुमान घरी येतात. त्यांचा या प्लॅस्टिकच्या कवटीशी काडीचा संबंध नाही. शेजाऱ्याच्या दुःखाला नावं ठेवायचं काम आम्ही केलं नाही, करणार नाही.

तर भांडण आमचं आमच्याशी आहे. आपल्यातल्या पगारदाराशी. पँथरच्या काळात त्याला दलित ब्राह्मण म्हणायचे, आणि तो शब्द मलाच लागू पडतो, म्हणून जास्त झोंबतो.

बायकोचं म्हणणं ऐका, कारण ती मूर्ख नाही. त्या रात्री ती म्हणाली, "तुम्हाला नि आईंना मागचं दिसतं. पोरीला पुढचं दिसतं. सगळी पोरं खाली खेळतायत नि आपली एकटी गॅलरीत उभी. तुम्ही वेशीबाहेर राहिलात, आता तिलाही ठेवा."

दोस्तांनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पोराला वेगळं पाडणं ही साधी गोष्ट नाही. आपल्या हजार पिढ्यांना वेगळं पाडलं, आता बाप म्हणून मीच पाडायचं? बत्तीस कुटुंबांच्या सोसायटीत आपलं आडनाव सगळ्यांनी ओळखलेलं असतं. कुणी बोलत नाही, हे खरं. पण पोरगी कुणाच्या घरात जाते, कुणाच्या दारातून परत येते, हे आपण रोज मोजत असतो. ते मोजणं कुठल्याच बापाला सुटलेलं नाही. मग एक दिवस पोरं म्हणतात, चल आमच्याबरोबर. आपल्याला वाटतं, झालं, घेतलं आपल्याला त्यांच्यात. आणि आपण साडेतीनशे रुपये काढून देतो. चॉकलेटचे ते पैसेच नव्हेत. तो प्रवेशाचा कर आहे.

कर भरून प्रवेश मिळतो का, एवढंच माझं विचारणं आहे. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून आरोळी ठोकायची, आतून वरून काहीतरी पडतं, दार लागतं, पुढचं दार. पोरगी बत्तीस दारं फिरली असती आणि एकाही घरात गेली नसती. मग ती कुठल्या समाजात मिसळली? जिन्यातल्या?

आणि मागायचा हक्क कुणाला आहे तेही त्याच इमारतीत बघितलं मी. आमचा कचरा उचलायला जी बाई येते ती दिवाळीचं पोस्त मागायला दारोदार आली, तर सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला: कामवाल्यांनी परस्पर घरोघर जाऊन मागू नये, रहिवाशांना त्रास होतो, पोस्त ऑफिसातून दिलं जाईल. दोनशे रुपये, वर सही. त्या ठरावाला दहा दिवस नाही झाले तोच ऑफिसाच्या फळ्यावर दुसरी नोटीस: ३१ ऑक्टोबरला मुले घरोघर येतील, कृपया खाऊ तयार ठेवावा. वर्षभर घाण उपसणारीनं मागितलं तर त्रास, आणि आपल्या पोरानं भूत होऊन मागितलं तर कौतुक. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. दोन्ही वेळेला.

भुताचं म्हणाल तर भुतं आमच्या तालुक्यात खरी आहेत. २०२४ च्या एप्रिलात विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाण्याच्या केंद्रात साफसफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. माणसाला असं गटारात, टाकीत उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. ती चार माणसं कुणाच्या दारात काही मागायला आली नाहीत, येणारही नाहीत. चेटकिणीची टोपी आमच्या बाजारात खेळण्यासारखी लटकते, आणि याच राज्यात नंदुरबारकडं डाकीण, आमच्या जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत भुताळी, असं नाव ठेवून गरीब बाईला झोडपल्याच्या बातम्या येत राहतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तोही दाभोलकरांचा खून पडल्यावर. आणि आपण पोरीला चेटकीण नटवून फोटो काढतो. पोरगी विचारते, पप्पा, चेटकीण खरी असते का? मी म्हणालो, नसते. मग ती म्हणाली, मग मी काय झालीये?

अमेरिकेचंच बघायचं तर नीट बघा. तिथं गुलामगिरी संपली त्या १८६५-६६ च्या सालात टेनेसी राज्यात गोऱ्यांनी क्लू क्लक्स क्लान काढली. रात्री पांढरे झगे, तोंडावर बुरखे, आम्ही लढाईत मेलेल्या शिपायांची भुतं आहोत असं सांगत मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांच्या दारात जायचे. त्यांचीही दारोदारची फेरीच ती. दार उघडलं की आत माणूस मारायचे. त्या भुतांची भीती घालवायला शंभर वर्षांनी, १९६६ च्या ऑक्टोबरात, ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली. तिचंच नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली पोरं उठली. पण आपण नाव घेतलं, डरकाळी घेतली, एक गोष्ट मागे राहिली. त्या पँथरांनी १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये वस्तीतल्या पोरांना शाळेच्या आधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. रोज. टेबलाशी बसवून, ताटात वाढून. पुढे शहराशहरांत ती न्याहारी सुरू झाली. बंदुका बाळगणाऱ्या पँथरांच्या त्या न्याहारीची धास्ती अमेरिकेच्या पोलिसांचा बडा साहेब हूवर यानं घेतली होती. पोराला काय द्यावं, हे त्यांना कळलं होतं.

आम्हाला काय कळलंय? १४ एप्रिलला चौकात डीजे लावतो, छातीवर दणके बसतील एवढा, आणि पोराला निळा पट्टा बांधून त्याच्यापुढं नाचायला सोडतो. वर्गणी काढताना दारात उभे राहतो तेव्हा आवाज कसा असतो आपला? मागण्याचा की दम देण्याचा? हॅलोविनवर लिहिताना हे झाकून ठेवलं तर मी हरामखोर ठरेन.

त्या प्रकारानंतर एका रविवारी मी पोरीला घेऊन सोपाऱ्याला गेलो. रिक्षानं जाऊन येण्यासारखं आहे. बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडाला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथं खणलं, आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडे, सोन्याची फुलं, आणि भिक्षापात्राचे तुकडे. बुद्धाचं पात्र म्हणून ते तुकडे एवढे जपून पुरलेले. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बुद्ध पण ट्रिक ऑर ट्रीट करायचा?"

हसू नका. सोसायटीतल्या एका शिकलेल्या गृहस्थानं मला हाच टोमणा मारला होता, तुमचे भिक्खू काय करतात मग? पोरीचा प्रश्न होता, म्हणून तिलाच उत्तर दिलं. बुद्ध राजवाडा सोडून पात्र घेऊन निघाला. त्याच्याकडे होतं, त्यानं टाकलं. तुझ्या पणज्याच्या हातात काठी त्यानं घेतली नव्हती, दिली होती. भिक्खू आरोळी ठोकत नाही, गप उभा राहतो. ओळीनं सगळ्या घरांपुढं, गरिबाचं घर गाळून पुढं जायचं नाही. आणि संघात झाडूवाला सुनीत आला, त्याच्यापुढं देवांनीही हात जोडले असं सांगतात. भिक्षेनं जात मोडली. येसकरकीनं जात बांधली. पोरीला यातलं अर्धं कळलं असेल. मलाही तिनं विचारलं तेव्हाच कळलं.

आणि याच मातीतला दुसरा पुरावा. अशोकाच्या शिलालेखांतल्या आठव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्याला मिळाला, त्याच १८८२ सालात. नवव्याचा तुकडा मिळाला भुईगावात, होळीपासून हाकेच्या नाही तरी सायकलीच्या अंतरावर. साल १९५६! तिकडं १४ ऑक्टोबरला नागपुरात आपले आईबाप धम्माकडे वळले, आणि त्याच वर्षी इकडं जमिनीनं हा दगड वर काढला. मी योगायोग वगैरे मानत नाही, पण अंगावर काटा आला हे खोटं नाही. त्या लेखात काय आहे? लोक आजारपणात, लग्नात, पोर झालं की, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगल विधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल कुठलं? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, जिवांवर दया, दान. फालतू विधींचा सगळा बोल अशोकानं बायकांना लावलाय, ते मला पटत नाही; आमच्या सोसायटीत हॅलोविनचं खूळ पुरुषांच्या बैठकीतून निघालं. पण नोकर आणि दास यांचं नाव त्यानं पहिलं घेतलं. आमच्या फळ्यावरच्या दोन नोटिसा त्या दगडाशेजारी ठेवून बघा.

तेव्हा माझं म्हणणं आहे ते असं. आपल्यातल्या आईबापांनी हॅलोविनच्या नावानं पोरांना काही देऊ नये. झगा नाही, बादली नाही, चॉकलेटचा पुडा नाही. पोरांना द्यायचं ते १४ ऑक्टोबरला द्या, १४ एप्रिलला द्या, पगाराच्या दिवशी द्या, उगाच वाटलं म्हणून मंगळवारी द्या. पुस्तक द्या, बूट द्या, चेंडू द्या, चॉकलेटसुद्धा द्या, त्या बिचाऱ्यानं काय केलंय. पण हातात हात लावून द्या. घरात बसवून द्या. आणि आपल्या दारात कुणाचं पोर आलं तर त्याला वरून टाकू नका.

शेवटचं वाक्य माझं नाही, आईचं आहे. यंदा ३१ तारखेला ती मुद्दाम राहिली. दुपारपासून स्वयंपाकघरात होती. गूळ घातलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, आई, ही पोरं हे खाणार नाहीत. ती म्हणाली, "तू गप."

सात वाजता घंटी वाजली. सात पोरं होती. भुतं, सांगाडे, एक वटवाघूळ. आरोळी ठोकली. आमची पोरगी आईच्या मागं उभी. आई म्हणाली, "दारात न्हाय. आत या. चपला काढा, हात धुवा, बसा." सतरंजी अंथरलेली होती, ताटल्या मांडलेल्या.

पाच पोरं आत आली. बसली. खाल्लं पण, एकानं दुसरी दशमी मागितली. दोन पोरं उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, बादल्या पुढं धरून. त्यांच्या आईनं सांगून पाठवलं होतं म्हणे, कुणाच्या घरात जायचं नाही.

कुणाच्या, की आमच्या, ते विचारायची माझी छाती झाली नाही. आईनं विचारलं.